इकोत ‘काही दिसले नाही’ म्हणजे काय?

विज्ञानाच्या शालेय पुस्तकात ध्वनीचा धडा संपत आला की वटवाघूळ येते, मग समुद्राचा तळ शोधणारे सोनार येते आणि अगदी शेवटी चार-सहा ओळींत सोनोग्राफी येते. श्राव्यातीत ध्वनी शरीरात सोडतात, आतल्या अवयवांवरून तो परावर्तित होतो, परत आलेल्या प्रतिध्वनींपासून यंत्र पडद्यावर प्रतिमा तयार करते, असे त्या ओळी सांगतात. शेजारी आकृती असते. तिच्यात एक बाण जाणारा आणि एक येणारा. मुलांच्या मनात राहते ते एवढेच, की हा आवाजाने काढलेला फोटो. वर्तमानपत्रांतले आरोग्यविषयक लेखही याच्या फारसे पुढे जात नाहीत.

या लेखात आम्हाला या चार-सहा ओळींचीच चिकित्सा करायची आहे. त्या चुकीच्या नाहीत. मात्र त्यांत जे गाळलेले असते ते एखाद्या माणसाच्या जिवाशी येऊ शकते, आणि ते सर्वांत स्पष्ट कळते ते हृदयात पेसमेकरची तार बसवलेली असते तेव्हा.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे काम धातूंचे. ओतीव वस्तूच्या आत भेग किंवा पोकळी राहिली आहे का, हे वस्तू न फोडता श्राव्यातीत ध्वनीने शोधायचे. मग हृदयाच्या गोष्टीत आम्ही कशाला नाक खुपसतो, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी १९५३ साली धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी प्रथम नोंदवले. त्यासाठी हर्ट्झ यांनी जवळच्या मालमो शहरातल्या जहाजबांधणीच्या कारखान्यातले, धातूतले दोष शोधणारे यंत्र उसने आणले होते. म्हणजे आमचेच यंत्र! (वारंवारतेचे एकक ज्यांच्या नावाने आहे त्या हाइनरिख हर्ट्झ यांच्या पुतण्याचे हे चिरंजीव.) पुढे पाचच वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, त्याच देशात स्टॉकहोम येथे ओके सेनिंग या शल्यविशारदांनी रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. पूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला तो पहिला पेसमेकर. तो काही तासच चालला, पण लार्सन नवनवे पेसमेकर घेत २००१ सालापर्यंत, म्हणजे ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले.

लार्सन यांच्या हृदयावर विद्युत्अग्रे छाती उघडून बाहेरून शिवली होती. आता बहुतेक वेळा गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेतून तार आत सरकवतात. डॉक्टर तिला लीड म्हणतात. ती महाशिरेतून उजव्या कर्णिकेत येते, तिथून त्रिदली झडपेतून उजव्या जवनिकेत उतरते आणि तिचे टोक जवनिकेच्या भिंतीला अडकवतात. तारच नसलेले, अख्खे जवनिकेत मावणारे पेसमेकर आता निघाले आहेत. अमेरिकेत त्यांना २०१६ साली मान्यता मिळाली. तरी बहुतेक रुग्णांच्या हृदयात अजून तारच असते. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाख ठोके होतात, आणि प्रत्येक ठोक्याला ही दोनेक मिलिमीटर जाडीची तार झडपेच्या दारात उभी असते.

आता ‘प्रतिध्वनींपासून प्रतिमा तयार करते’ या वाक्याकडे येऊ. यंत्राला प्रत्यक्षात कळते काय? फक्त वेळ आणि प्रतिध्वनीचा जोर. बाकी सारे ते गृहीत धरते. पहिले गृहीत असे, की ध्वनी सरळ रेषेत गेला आणि त्याच रेषेत परत आला. दुसरे असे, की तो एकदाच आपटला. आणि तिसरे असे, की वाटेत सगळीकडे त्याचा वेग सेकंदाला १५४० मीटर होता. प्रतिध्वनी १३० मायक्रोसेकंदांनी आला की यंत्र १५४० ने गुणते, जाण्यायेण्याचे म्हणून दोनने भागते आणि १० सेंटिमीटर खोलीवर एक ठिपका ठेवते. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका हा असा एका गणिताचे उत्तर असतो. स्नायू, रक्त, यकृत यांच्यासाठी ही गृहीते इतकी चांगली लागू पडतात, की गणित चालले आहे हे आपण विसरतो.

तार आली की ते आठवावे लागते. रक्त आणि हृदयाचा स्नायू यांच्या सीमेवर ध्वनीच्या ऊर्जेचा हजारात एक भागही परावर्तित होत नाही. पोलादासारख्या धातूच्या पृष्ठभागावर ध्वनी सरळ आपटला तर शंभरातले ऐंशीहून अधिक भाग परत येतात. कुजबुज टिपायला लावलेल्या कानाशी कुणी ताशा वाजवावा तसा हा प्रकार. तारेवरचे वेष्टन पुष्कळदा सिलिकोन रबराचे असते. त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १००० मीटरच असतो. गणित सोपे व्हावे म्हणून नुसत्या सिलिकोनची २ मिलिमीटर जाडीची कांडी कल्पा. ध्वनीला तिच्यातून जाऊन परत यायला ४ मायक्रोसेकंद लागतात. यंत्राला वाटते की तो १५४० च्या वेगाने गेला, म्हणून ते जाडी ३ मिलिमीटरांहून थोडी जास्त दाखवते. शिवाय ध्वनी आतल्या आत पुन्हा पुन्हा आपटतो. प्रत्येक खेपेला ४ मायक्रोसेकंदांचा उशीर होतो, आणि यंत्र दर वेळी ३ मिलिमीटर मागे आणखी एक रेघ काढते. तिथे काहीही नसते. या खोट्या रेघांच्या पट्ट्यात आणि तारेमागच्या सावलीत खरी वस्तू असली तर ती झाकली जाते.

हे सारे आम्हाला ठाऊक होते, आणि तरीही ते आमच्या कामाला आले नाही. आम्हाला नववीत विज्ञान शिकवणारे सर, पुढे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले, त्यांना एकाहत्तराव्या वर्षी पेसमेकर बसवला. आठेक महिन्यांनी त्यांना ताप येऊ लागला. संध्याकाळी थंडी वाजायची, गोळ्या घेतल्या की आठवडाभर बरे वाटायचे, मग पुन्हा तेच. मलेरिया पाहून झाला, टायफॉइड पाहून झाला. टूडी इको केला. त्यात तारेवर जंतुसंसर्गाची वाढ दिसत नाही असा अहवाल आला. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘हृदयाला काही झालेले नाही’ असा घेतला. आम्ही अहवाल फोनवर ऐकला आणि आम्हीही तोच अर्थ घेतला. दोन आठवडे असेच गेले. मग सरांनीच एके दिवशी विचारले, “अरे, दिसले नाही म्हणतात ते नाही म्हणून, की असले तरी दिसले नसते म्हणून?”

आमच्या प्रयोगशाळेतून जाणाऱ्या कुठल्याही अहवालात ‘दोष नाही’ असे वाक्य आम्ही लिहीत नाही. या वारंवारतेला, या बाजूने, अमुक आकाराहून मोठा दोष आढळला नाही, असे लिहितो. तो आकार ठरवायला मुद्दाम छिद्र पाडलेला एक ठोकळा असतो. आधी त्यातले छिद्र दिसते का ते पाहायचे, मग वस्तू तपासायची. वीस वर्षे हे करणाऱ्या आम्हाला सरांच्या बाबतीत हा प्रश्न सुचला नाही, याचे कारण त्या चार-सहा ओळींत आहे असे आम्हाला वाटते. धातूच्या बाबतीत आम्ही ‘चाचणी’ म्हणतो, माणसाच्या बाबतीत ‘फोटो’. आणि फोटोत जे नाही ते नाहीच, अशी आपली लहानपणापासूनची समजूत.

सरांचा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवल्यावर त्यांनी तो लगेच ओळखला. छातीवरून केलेल्या इकोत वारंवारता साधारण २ ते ४ मेगाहर्ट्झ असते. ३ मेगाहर्ट्झला तरंगलांबी अर्धा मिलिमीटर येते. वाटेत बरगड्या आणि फुप्फुसातली हवा आड येते. अन्ननलिका मात्र हृदयाच्या पाठीला जवळजवळ चिकटून जाते. तिच्यात नळी घालून आतून इको केला तर मध्ये हाड नाही, हवा नाही. अंतर कमी म्हणून वारंवारता ५ ते ७ मेगाहर्ट्झ ठेवता येते, आणि तरंगलांबी पाव मिलिमीटरवर येते. म्हणून तारेवरच्या काही मिलिमीटरांच्या वाढी छातीवरून निसटतात आणि अन्ननलिकेतून पुष्कळदा सापडतात. सरांच्या रक्ताचे कल्चर दुसऱ्या खेपेला जंतू दाखवून गेले (आधीच्या गोळ्यांनी पहिल्या वेळचे झाकले असावे) आणि अन्ननलिकेतून केलेल्या इकोत कर्णिकेतल्या तारेवर ठोक्यागणिक हलणारा एक पुंजका दिसला. मग शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली, तार आणि पेसमेकर दोन्ही काढले, आणि संसर्ग गेल्यावर उजव्या बाजूने नवा पेसमेकर बसवला.

इथेच थांबलो तर वाचकांचा उलटा गैरसमज होईल, की अन्ननलिकेतला इको म्हणजे तरी खरा फोटो. तोही नव्हे. संसर्ग नसलेल्या, ठणठणीत माणसांच्या तारेवरही बारीक तंतू किंवा रक्ताची गुठळी दिसू शकते, आणि गुठळी व जंतूंची वाढ यांचे प्रतिध्वनी सारखेच असतात. ध्वनीला मऊ गोळा कळतो, त्यात जंतू आहेत की नाहीत ते कळत नाही. उलट तिथेही काही न दिसता संसर्ग असू शकतो. म्हणूनच ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९४ साली हृदयाच्या अंतःस्तराच्या संसर्गासाठी ज्या कसोट्या मांडल्या, त्यांत इकोच्या जोडीला रक्ताचे कल्चर, ताप आणि इतर खुणा यांचा एकत्र हिशेब ठेवला. २०२३ साली त्या सुधारल्या तेव्हा पेट-सीटीसारख्या तपासण्याही त्यांत आल्या. डॉक्टरांना आपल्या साधनाची मर्यादा ठाऊक आहे. आमची तक्रार ती बाहेर न सांगणाऱ्या लेखनाबद्दल आहे.

दुसरा धोका तारेचे टोक भिंतीतून आरपार जाण्याचा. हे क्वचित घडते, पण घडले तर हृदयावरणात रक्त साठून हृदय दाबले जाऊ शकते. साठलेले रक्त पाहायला इकोसारखे झटपट साधन नाही, खाटेशेजारी दोन मिनिटांत काम होते. किती साठले याहून किती वेगाने साठले हे इथे महत्त्वाचे असते. हळूहळू साठलेले लिटरभर द्रव सहन होते, एकदम साठलेले दोनशे मिलिलिटर प्राणघातक ठरू शकते.

पण खुद्द टोक कुठे आहे हे विचारले की इको चाचपडतो. टूडी म्हणजे द्विमित, हृदयाचा एक पातळ काप. तार तर वळणे घेत जाते. ती कापातून बाहेर पडली की पडद्यावर संपलेली दिसते, आणि ते तिचे टोक वाटते. तिरक्या पडलेल्या भागावरून ध्वनी आरशासारखा भलतीकडे परावर्तित होतो आणि तारेचा मधलाच तुकडा गायब होतो. पडद्यावर टोक भिंतीच्या आत दिसते म्हणून ते आतच आहे असे नाही. शिवाय भोक पडूनही तारेनेच ते बुजलेले असले तर रक्तही साठत नाही. अशा वेळी डॉक्टर एक्स-रे आणि सीटी पाहतात, आणि पेसमेकरच्याच विद्युत्मापनांत बदल झाला आहे का ते बघतात. कधी कधी रुग्णच सांगतो, की पेसमेकरच्या ठोक्याबरोबर उचकीसारखा झटका बसतो. बाहेर आलेले टोक श्वासपटलाला वीज देत असते! एक उचकी इथे कोट्यवधींच्या यंत्राला मागे टाकू शकते.

त्रिदली झडपेची गोष्ट थोडक्यात सांगतो. तारेमुळे झडपेचे पाळे अडकले तर रक्त उलटे कर्णिकेत गळते. डॉप्लर पद्धतीने ही गळती रंगांत दिसते, पण गळतीचा झोत तारेच्या सावलीत सापडला तर ती आहे त्याहून कमी वाटते. त्रिमित इकोने तार नेमकी कोणत्या पाळ्याला टेकली आहे ते पाहण्याची सोय झाली आहे. काही रुग्णांत वर्षानुवर्षे उजव्या जवनिकेतून ठोके दिल्याने डावी जवनिका अशक्त होते. तिथे मात्र इको खरा उपयोगी, कारण तारेपासून दूर, त्याच्या गृहीतांना मानवणाऱ्या स्नायूची हालचाल मोजायची असते. आणि तारेचे वेष्टन फाटले किंवा आतली तार तुटली तर इकोला त्याचा पत्ताही लागत नाही. ते विद्युत्रोध मोजूनच कळते.

आता मूळ तक्रारीकडे येतो. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की गर्भाची तपासणीच डोळ्यांसमोर येते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली कायदा केला, त्यामुळे या यंत्राची सामाजिक बाजू शाळेत बोलली जाते, आणि ती बोललीच पाहिजे. भौतिकशास्त्राची बाजू मात्र बाण जाणारा आणि बाण येणारा यापुढे सरकत नाही. हृदयाचा टूडी इको म्हणजे सोनोग्राफीच, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

यावर शिक्षक म्हणतील, की नववीच्या मुलांना एवढे कशाला? आमचे म्हणणे असे की लागणारे सगळे त्यांच्याकडे आहे, फक्त वेगवेगळ्या धड्यांत पडले आहे. निरनिराळ्या पदार्थांतल्या ध्वनीच्या वेगांचा तक्ता त्याच धड्यात असतो. तोच वापरून ‘यंत्राने वेग चुकीचा धरला तर वस्तू कुठे दिसेल?’ हे एक उदाहरण घालता येते. समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांमधली मेणबत्ती प्रकाशाच्या धड्यात येते. मागे मागे जाणाऱ्या तिच्या प्रतिमा म्हणजे तारेमागच्या खोट्या रेघांचीच भावंडे. कापाचा प्रश्न बटाट्यावर सोडवता येतो. दाभणाने बटाट्यात सुतळी एकदा इकडून, एकदा तिकडून ओवा आणि शेवटचे टोक आतच ठेवा. मग बटाट्याचे पातळ काप करून मुलांना दोन-दोनच वाटा आणि टोक कुठे आहे ते विचारा. बहुतेक मुले आपल्या कापात ठिपका जिथे नाहीसा झाला तिथे बोट ठेवतात. सगळे काप ओळीने मांडले की आपणच हसतात.

या चुकीत आमचाही वाटा आहे. शाळांतल्या व्याख्यानांत आम्ही वर्षानुवर्षे वटवाघळापासून सुरुवात करून ‘आणि अशा रीतीने डॉक्टरांना शरीराच्या आतले दिसते’ या वाक्यावर संपवत आलो. टाळ्याही मिळाल्या.

सरांना त्यांच्या तपासणीची चित्रफीत मिळाली होती. परवा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी ती संगणकावर लावली, एका जागी थांबवली, आणि तारेच्या मागे एकामागून एक समान अंतरावर असलेल्या रेघांवर बोट ठेवले. “यातली तार कोणती?” आम्ही पहिली रेघ दाखवली. “आणि मागच्या दोन?” आम्ही ४ मायक्रोसेकंदांचे गणित सांगू लागलो, तसे त्यांनी वही पुढे केली आणि ते म्हणाले, “तोंडी नको, मांडून दाखव.”